उत्तर: साखळीचा आकडा आपोआप सुटतो, स्प्रिंग जाड टाकू का?

राळेगावकडच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. बैलाच्या साखळीचा स्प्रिंगवाला आकडा महिन्यातून दोन-तीनदा आपोआप सुटतो, गोऱ्हा शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत सापडतो, म्हणून तुम्ही ०.८ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर तारेची स्प्रिंग टाकून स्वतःच नवा आकडा बनवायला निघालात. वर ‘आपली कल्पना कोणी चोरणार तं नाही ना’ असंही विचारलंय, आणि त्याच पोस्टखाली मापांसकट चित्र टाकलंय! त्याचं शेवटी बोलू.

मी इंजिनियर नाही. आयटीआयचा फिटर, तालुक्याच्या गावी एक लेथ, एक वेल्डिंग मशीन, एक हातप्रेस. पण हाच आकडा, हीच तार आणि हाच विचार घेऊन मी तुमच्या आधी खड्ड्यात पडलोय, म्हणून लिहितो. एक ताकीद आधीच देऊन ठेवतो: खालचं सगळं जनावराच्या साखळीपुरतं आहे. विहिरीत उतरणाऱ्या किंवा खांबावर चढणाऱ्या माणसाच्या पट्ट्याला घरचा आकडा लावायचा नाही, कितीही मजबूत दिसला तरी. तिथे मानांकन असलेलाच विकत घ्या.

आता स्प्रिंगला दोष देणं थांबवा. आकडा सुटतो तेव्हा बहुतेक वेळा कडी जिभेवर, म्हणजे आकड्याचं तोंड बंद करणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीवर, चढलेली असते. बैल खुंट्याभोवती चकरा मारतो, साखळीला पीळ बसतो आणि तो पीळ आकड्यापाशी येऊन साचतो. आतली कडी आडवी होते, जिभेच्या बाहेरच्या अंगावर टेकते. बैलानं मान झटकली की जे काम तुमचा अंगठा करतो तेच ती कडी करते, जीभ आत दाबते आणि चोचीवरून, म्हणजे आकड्याच्या वाकड्या टोकावरून, निसटते. पटत नसेल तर आकडा व्हाइसमध्ये धरा आणि कडी हातानं उलटी पिळून बघा. दोन बोटांच्या जोरात बाहेर येते. जी स्प्रिंग तुमच्या अंगठ्यानं दबते, ती चारशे किलोच्या जनावराला काय दाद देणार?

हा घोळ फक्त आपल्या कोठ्यातला नाही. अमेरिकेत उंचावर काम करणाऱ्यांच्या पट्ट्याला बिनकुलपाचा आकडा, म्हणजे नुसतं दाबलं की जीभ उघडते असा, १ जानेवारी १९९८ पासून चालत नाही, तो याच निसटण्यापायी. त्यांच्या जुन्या मानकात अख्खा आकडा ५,००० पाउंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर ओढ सोसणारा हवा होता, पण जिभेला समोरून फक्त २२० पाउंड, शंभर किलो, सोसले तरी पुरे होतं. २००७ मध्ये जिभेची ही मर्यादा ३,६०० पाउंडांवर नेली. म्हणजे जीभ हीच कच्ची बाजू, हे मान्य करायला त्यांनाही वेळ लागला.

मी माझा पहिला नमुना एका तपासणीच्या ठिकाणी नेला होता. फी भरली, तीन चकरा मारल्या, आणि कागद मिळाला की सरळ ओढीत आकडा समाधानकारक. अहो, सरळ ओढीत कोण म्हणतंय की तुटतो! जिभेवर आडवा दाब देऊन बघा म्हटलं, तर ‘तशी पद्धत आमच्याकडे नाही’. तो कागद अजून दुकानात टांगलेला आहे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

आता जाड तारेचं. ०.८ ची तार १ ची केली की स्प्रिंग जवळजवळ अडीचपट कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाईमाणसाला, म्हाताऱ्याला ती जीभ उघडत नाही. पण खरा तोटा पुढेच आहे. जीभ तेवढ्याच अंशात उघडायची असेल तर जाड तारेवर ताण कमी होत नाही, उलट सव्वापट वाढतो, आणि ती लवकर ढिली पडते किंवा तुटते. ताण कमी करायचा तर वेढे वाढवा. दोनाचे चार वेढे केले की तेवढ्याच उघडण्याला ताण निम्मा. तुमच्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसली: ०.८ च्या स्प्रिंगचा आतला व्यास ५.२ आणि त्यात पिन ५ ची. पिळाची स्प्रिंग गुंडाळीच्या दिशेनंच वळवायची हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण वळली की ती आकसते. तीन वेढे असतील आणि बसवतानाचा ताण धरून ६० अंश वळणार असेल, तर ५.२ चा व्यास ४.९ च्याही किंचित खाली येतो. पिन आवळली जाते, जीभ अर्ध्यावर अडकते, आणि तुम्ही म्हणता चिखल गेला. पिन ४ किंवा साडेचारची घ्या.

आता मुद्द्याचं. माझे पैसे यातल्या कशानंच बुडाले नाहीत. बुडाले ते प्लेटिंगनं.

कुलूपवाला आकडा जमला, वीसेक नमुने गावात वाटले, वर्षभर एकही तक्रार नाही. मग पोळ्याच्या बाजारासाठी चारशे नग करायचं ठरवलं. वेसण, कासरे, झुली, घुंगरमाळा लोक तेव्हाच घेतात, साखळीही तेव्हाच बदलतात. नमुने काळेच होते, नुसतं तेल चोपडलेलं. बाजारात चमक पाहिजे म्हणून झिंक प्लेटिंग, म्हणजे टाकीत जस्ताचा थर चढवायचं काढलं. प्लेटिंगवाला किलोवर पैसे घेतो, आणि सुट्या स्प्रिंगा पिंपात एकमेकींत अडकून गुंता होतो, असं त्यानंच सांगितलं. मग मी शहाण्यानं काय केलं, तर आकडे आधी जोडले, स्प्रिंग-पिनसकट, आणि अख्खे पाठवले. वर फोन करून सांगितलं की वेल्डिंगची पपडी नीट निघू द्या, आम्लात थोडा जास्त वेळ ठेवा. हे माझ्या तोंडचे शब्द आहेत, दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाहीत.

माल आला तेव्हा आरशासारखा होता. पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात दीडशे गेले. चौथ्या दिवशी पहिला माणूस आला, जीभ लुळी. आतली स्प्रिंग दोन तुकडे. मग रोज एक-दोन. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत होती आणि माझ्या दारात एक म्हातारबुवा उभे होते. ‘तुह्या आकड्यापायी माहा गोऱ्हा कोंडवाड्यात गेला ना बाप्पा, आन् पैसे मलेच भरा लागले.’ मी त्यांना कोंडवाड्याचे पैसे दिले. उरलेले अडीचशे नग तर खोक्यातच होते, कोणी हात लावलेला नाही, बैल तर दूरच. खोकं उघडलं तर त्यातल्याही कितीतरी जिभा लुळ्या. रात्री दुकानात बसलं की खोक्यातून बारीक ‘टिक’ आवाज यायचा. आणखी एक गेली.

प्लेटिंगवाला म्हणाला तार खराब. तारवाला म्हणाला तुमची गुंडाळी खराब. मी दोन महिने दोघांच्या मधे धावलो आणि गुंडाळीचं जिग, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, दोनदा बदललं, सगळं फुकट. शेवटी एक साधी गोष्ट डोक्यात आली. वाटलेले ते वीस नमुने त्याच तारेच्या बंडलातले, त्याच जिगवरचे, आणि ते अजून कोठ्यांमध्ये धड होते. फरक एकच, त्यांना आम्ल आणि झिंक लागलं नव्हतं.

याला हायड्रोजननं पोलाद ठिसूळ होणं म्हणतात. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, त्यातला काही पोलादाच्या आत शिरतो. मऊ लोखंडाला फारसा फरक पडत नाही, म्हणून आकड्याचं अंग शाबूत राहिलं. पण स्प्रिंगची तार जितकी कडक तितकी ती त्याला बळी पडते. आणि ती लगेच तुटत नाही, हीच त्याची लबाडी. ताणाखाली राहिली की काही तासांनी, काही दिवसांनी तुटते. माझ्या स्प्रिंगा आकड्यात आधीच ताणून बसवलेल्या होत्या, त्यामुळे खोक्यात पडल्या पडल्या तुटत गेल्या. वर स्प्रिंगच्या खोबणीत अडकलेलं आम्ल धुतलंच गेलं नव्हतं, ते वेगळं.

उपाय आहे, आणि जुना आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत १९० ते २२० अंशांवर भाजायच्या. आठ तासांपेक्षा कमी नाही, तार जितकी कडक तितका वेळ जास्त, वीस-बावीस तासांपर्यंत जातो. पिवळी किंवा निळी झाक द्यायची तर भाजल्यानंतर द्यायची, आधी दिली तर ती भट्टीत खराब होते. म्हणूनच प्लेटिंगवाले टाळतात, काम दोनदा करावं लागतं. ‘बेकिंग करतो ना’ असं तोंडी म्हणतील. भट्टी दाखवा म्हणा. मला ज्यानं ‘करतो’ म्हणून सांगितलं होतं, त्याच्याकडे भट्टीच नव्हती, हे मला वर्षभरानं कळलं. नाव विचारू नका, व्यक्तिगत निरोपातही सांगणार नाही.

माझं आताचं मत, आणि हे मतच आहे, असं की लहान कामवाल्यानं स्प्रिंगला प्लेटिंग करूच नये. अंग, जीभ, कुलपाचा खटका यांना झिंक द्या, स्प्रिंग स्टेनलेसच्या तारेची घ्या आणि जोडणी सगळ्यात शेवटी करा. स्टेनलेस ताण थोडा कमी सोसते, म्हणून एखादा वेढा जास्त द्या. कोणी गरम झिंकमध्ये बुडवून देतो म्हणालं तर स्प्रिंगसकट अजिबात देऊ नका. ते झिंक साडेचारशे अंशांवर असतं, तारेचं पाणीच उतरतं. आणि तरीही प्लेटिंगची स्प्रिंग वापरायचीच असेल तर दर खेपेतल्या वीस-पंचवीस काढून, पूर्ण उघडलेल्या स्थितीत पिनेवर अडकवून चार दिवस ठेवा. एक जरी तुटली तरी खेप परत.

पितळेचा आकडा घ्या असं कोणीतरी वर सुचवलंय. देवघराच्या साखळीला छान. कोठ्यात मूत असतं, मुतातून अमोनिया, आणि ताण असलेल्या पितळेला अमोनियानं तडे जातात. इंग्रजांच्या फौजेनं हे हिंदुस्थानातच शिकून घेतलं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकायची.

आता तुमच्या आकड्याकडे. दुहेरी क्रियेचा करा, म्हणजे पाठीवरचा खटका तळहातानं दाबल्याशिवाय जीभ आत जाणारच नाही. मग स्प्रिंग हलकीच ठेवता येते, तिला फक्त जीभ परत आणायची आहे, बैलाला कुलूप धरतं. जिभेच्या टोकाला खाच द्या आणि ती चोचीवर बसू द्या, म्हणजे आडव्या धक्क्याला चोच साथ देते, सगळा भार पिनेवर येत नाही. आकड्याच्या शेपटीला भोवरकडी, म्हणजे पीळ सोडवणारी फिरती कडी, हवीच. आजोबांच्या साखळीला होती, आपण स्वस्ताईत काढून टाकली, आणि निम्मा रोग तिथूनच आला. कडी आकड्याच्या पोटात सैल फिरेल एवढी घ्या, घट्ट कडीच जिभेवर चढते. स्प्रिंगच्या खोबणीला खालच्या बाजूला पाचेक मिलिमीटरचं भोक पाडा. आपली काळी माती ओली असताना आत शिरते आणि उन्हात सिमेंट होते, भोक असलं की काडीनं निघते.

खटका एका हातानं उघडला पाहिजे, तोही शेणानं माखलेल्या. माझ्या पहिल्या कुलपाला दोन हात लागायचे. एकदा बैल दावणीत पाय अडकवून पडला, गडी एका हातानं मान धरून दुसऱ्या हातानं खटका शोधत होता. शेवटी साखळी ग्राइंडरनं कापली. तेव्हापासून डोळे मिटून, डाव्या हातानं उघडतो का ते आधी बघतो.

राहिलं चोरीचं. मी वकील नाही, सल्लागाराला विचारा. पण आकार नोंदवून घ्या, स्वस्तात होतं, असं कोणी म्हणालं तर सावध राहा. २००० च्या डिझाइन कायद्यात फक्त दिसणं राखलं जातं, यंत्राची करामत नाही. करामतीसाठी पेटंट, आणि त्याला अट अशी की अर्जाआधी गोष्ट उघड झालेली नसावी, विकलेली तर नाहीच. तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. खरं सांगू का, दुहेरी क्रियेचे आकडे जगात कित्येक दशकांपासून आहेत, नुसत्या कुलपावर काही मिळेल असं वाटत नाही. तुमच्या चित्रातली ती माती बाहेर ढकलणारी तिरपी खोबण मात्र मी कुठे पाहिलेली नाही. ते चित्र आधी काढून टाका.

आणि तुमची एखादी स्प्रिंग तुटली असेल आणि फेकली नसेल तर टोकांचा जवळून फोटो टाका, घासूपुसू नका. तुटल्या जागी गंजाचा खड्डा दिसला तर गोष्ट वेगळी. स्वच्छ, काचेसारखी तुटली असेल आणि आकडा चमकदार झिंकचा असेल, तर तो कुठून घेतला ते इथे न लिहिता मला निरोपात कळवा.