आत्याच्या वेणीतला बहर

नागपूर

प्रिय बेटा,

तुझी कथा वाचली. आत्याच्या वेणीला संत्र्याचा बहर येतो, ही कल्पना खणखणीत आहे. ती सोडू नकोस. पण पुढच्याच परिच्छेदात सगळं घर थक्क होतं, डॉक्टर येतात, वार्ताहर येतात, अन् शेवटी ते स्वप्न निघतं. तिथे कथा तुझ्या हातून निसटली.

काफ्काची १९१५ साली छापून आलेली 'मेटामॉर्फोसिस' ही कथा काढून वाच. ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊन, अन् त्याला घोर लागतो पाचची गाडी चुकल्याचा. सातची तरी गाठायची तर घाई करावी लागेल, म्हणतो. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या १९६७ च्या कादंबरीत रेमेडियोस वाळत्या चादरींसकट सदेह आकाशात जाते, आणि घरातली फर्नांडा कितीतरी दिवस देवाला विनवत राहते, माझ्या चादरी तेवढ्या परत पाठव. हे चादरींचं दुःख इतकं घरातलं आहे की रेमेडियोस उडालीच कशी, हे विचारायचं वाचकाच्या मनातही येत नाही. तुकोबांचं वैकुंठगमन ऐकत वाढलेल्या आपल्याला तर ते मुळीच जड जाऊ नये.

अन् लांब कशाला जायचं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभी राहा. १८८० च्या दशकापासून काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आहे. 'खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत!' म्हणून माणसं घसा फोडून ओरडतात. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषांच्या पुतळ्यांवर, त्या-त्या वर्षीचा राग निघतो. रोग त्या पुतळ्यासोबत जाणार कसा, हे गर्दीत कुणी विचारत नाही. ओरडून झालं की माणूस घाम पुसतो, अन् आपल्या कामाला लागतो. तू मारबत बघू नकोस, त्या माणसाला बघ.

आता आत्याकडे ये. बहर आला की काटोलचे मामा पहिल्यांदा काय विचारतील? 'आंबिया बहर की मृग बहर? ताण दिला होता का, बहरासाठी पाणी तोडलं होतं का?' आजी म्हणेल, फणी लावू नका, कळी झडेल. रविवारी पाहुणे बघायला येणार, तर मधमाश्यांचं काय करायचं? तुझी कथा इथे आहे. शेवटचा तांदळाचा पाऊस मात्र काढून टाक; छोट्या कथेला एकच नवल पुरे, असं माझं ठाम मत आहे. आणि फुलांमुळे आत्याचं लग्न जुळवून देऊ नकोस. नवलानं अडचण वाढली पाहिजे.

फुलं का आली हे लिहू नकोस, पण फळ धरतं का, अन् धरलं तर तोडायचं कुणी, हे लिहायला बसण्याआधी ठरव. मारबतीच्या दिवशी भेटशीलच, नवा खर्डा तेव्हा दे.

अनेक आशीर्वाद,
काका