कर्नलची फाईल कुठं गेली?

कोल्हापुरात बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. ती लिहिते: "प्रोजेक्टसाठी आमच्या गटानं लारावेल घेतलं, म्हणजे पीएचपीत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा. एवढे फोल्डर बघून डोकंच चालेना. व्हिडिओतले सर म्हणतात, ॲपमधल्या एचटीटीपी फोल्डरात कर्नल डॉट पीएचपी उघडा. माझ्याकडं ती फाईलच नाही. चारदा नव्यानं इन्स्टॉल केलं. गटातली मुलं म्हणतात, तू रिपोर्ट टाईप कर. पप्पा शिरोलीला फाउंड्रीत आहेत, ते म्हणतात बँकेची परीक्षा दे. हे क्षेत्र माझ्यासाठी नाही का?"

आधी त्या फाईलचं बघू. तुझं काहीही चुकलेलं नाही. मार्च 2024 मध्ये लारावेल 11 आलं, तेव्हापासून नव्या प्रोजेक्टात ती फाईल येतच नाही. मिडलवेअरची, म्हणजे वाटेत रिक्वेस्ट तपासणाऱ्या कोडची, जी नोंद तिच्यात व्हायची, ती आता बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या ॲप डॉट पीएचपीत करतात. रूट्स या पत्त्यांच्या फोल्डरातली एपीआयची (दुसऱ्या ॲपना डेटा देणाऱ्या पत्त्यांची) फाईलसुद्धा आपोआप मिळत नाही, हवी तर वेगळी कमांड द्यावी लागते. तुझा व्हिडिओ जुन्या आवृत्तीचा आहे, एवढंच. कंपोजर डॉट जेसन, म्हणजे प्रोजेक्टात काय काय वापरलंय त्याची यादी, उघडून आवृत्ती बघितली असतीस आणि व्हिडिओची तारीख ताडून घेतली असतीस, तर चार इन्स्टॉल वाचले असते.

आता फोल्डर. पप्पांना विचार, फाउंड्रीत नव्या पोराला कुठल्या रॅकवर काय आहे ते पाठ करायला लावतात का? त्याला एका जॉबच्या मागं फिरवतात. पॅटर्न, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग, मग मशीनशॉप. दोन-तीन जॉब डोळ्यांखालून गेले की कुठला विभाग कशासाठी, ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. तूही एक रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरनं केलेली पानाची मागणी, पकड आणि तिच्या मागं जा.

कोरा प्रोजेक्ट ब्राउझरात उघडला की स्वागताचं पान दिसतं. ते आलं कुठनं? अंबाबाईच्या देवळाला चार दिशांना चार दरवाजे आहेत, लारावेलला मात्र एकच: पब्लिक फोल्डरातली इंडेक्स डॉट पीएचपी. तयार चित्रं आणि सीएसएस सोडलं, तर कुठलाही पत्ता टाक, आत यायचं इथनंच. पुढं बूटस्ट्रॅपमधली ॲप डॉट पीएचपी, मग रूट्समधली वेब डॉट पीएचपी. तिथं तीन ओळींत लिहिलंय की नुसता स्लॅश आला तर वेलकम नावाचा व्ह्यू, म्हणजे पानाचा साचा, द्या. आणि रिसोर्सेसमधल्या व्ह्यूज फोल्डरात वेलकम डॉट ब्लेड डॉट पीएचपी बसलेली आहे. झाला की रस्ता! आता त्या फाईलचं नाव मुद्दाम बदल आणि पान रिफ्रेश कर. 'व्ह्यू वेलकम नॉट फाउंड' अशी एरर येईल. ती येऊ दे, नीट वाच, मग नाव पूर्ववत कर. स्वतः मोडून बघितलेली गोष्ट विसरत नाही.

मग स्वतःचं एक पान कर. समजा, चप्पल लाईनीतल्या एखाद्या दुकानाच्या ऑर्डरींची यादी. वेब डॉट पीएचपीत पत्ता लिही, तो ॲपमधल्या एचटीटीपीच्या कंट्रोलर्समध्ये (मागणी आली की काय करायचं, ते तिथं लिहितात) पाठव, डेटाबेसमधनं ऑर्डरी आणायला ॲपमधल्या मॉडेल्समध्ये मॉडेल, म्हणजे टेबलाशी बोलणारा कोड, कर. टेबलात कुठले रकाने, ते डेटाबेसमधल्या मायग्रेशन्समध्ये. प्रत्येक थांब्यावर डीडी फंक्शन टाकून 'इथं आले' एवढं छापून बघ. डीडी जिथं असेल तिथं गाडी थांबते आणि स्क्रीनवर ते दिसतं. दिसलं की काढ आणि पुढच्या थांब्यावर टाक. नाहीच दिसलं, तर चूक त्याच्या अलीकडं आहे.

बाकीचं थोडक्यात. व्हेंडरमध्ये दुसऱ्यांचा कोड असतो, तिथं हात लावायचा नाही. पुढच्या अपडेटला तुझे बदल पुसले जातील. स्टोरेजमधल्या लॉग्सच्या फोल्डरात एररी साठतात. डॉट ईएनव्ही या फाईलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो, ती गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) टाकायची नाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर काही जण अख्खा प्रोजेक्टच उघड्या फोल्डरात ओततात आणि मग ती फाईल कुणालाही वाचता येते. पब्लिक वेगळा ठेवलाय तो यासाठीच.

माझ्याकडचा एक मुलगा राजारामपुरीतल्या छोट्या कंपनीत मुलाखतीला गेला होता. कोडची एक ओळ लिहायला सांगितली नाही. लॅपटॉप पुढं सरकवला आणि म्हणाले, "बिलावर जीएसटी चुकतोय, कुठं बघशील?" त्यानं आधी रूट्सची फाईल उघडली, तिथनं कंट्रोलर गाठला आणि बोट ठेवलं. पहिल्या वर्षात बहुतेकांना हेच काम मिळतं, दुसऱ्याच्या घरात दिवा शोधायचं.

बँकेची परीक्षा वाईट नाही, मनापासून द्यायची असेल तर जरूर दे. पण एक फाईल सापडली नाही म्हणून नको. आणि रिपोर्ट टाईप करायला माझी हरकत नाही, मात्र गटाला आधी सांग की ऑर्डरींचं पान मी करणार. अडलीस तर वेब डॉट पीएचपी आणि एररचा मजकूर पाठव. सगळ्या फोल्डरांचा फोटो नको.