थायलंडचा अरायव्हल फॉर्म स्वतः भरता येतो का, की एजंटकडूनच भरून घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-वडील, तुम्ही दोघं आणि एक लहान मूल असे पाच जण मुंबईहून बँकॉकमार्गे फुकेतला निघालात, आणि एजंट या फॉर्मचे माणशी वेगळे पैसे मागतोय. ते देऊ नका. हा फॉर्म पूर्णपणे मोफत आहे आणि घरच्या घरी मोबाइलवर भरता येतो.

याचं नाव थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडॅक. १ मे २०२५ पासून तो सगळ्या परदेशी प्रवाशांना सक्तीचा आहे, तान्ह्या बाळालासुद्धा. हा व्हिसा नव्हे. व्हिसाचा नियम तुमच्या तारखांना काय आहे ते वेगळं तपासा.

गूगलवर शोधलंत तर वरच्या जाहिरातींत हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट दिसतात आणि त्या डॉलरमध्ये पैसे घेतात. खरी साइट थाई इमिग्रेशनची आहे आणि तिचा पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो. क्रेडिट किंवा डेबिट कार्डचा नंबर मागितला की चुकीच्या जागी आलात हे ओळखा आणि बाहेर पडा.

फॉर्म पोचण्याच्या तारखेआधी तीन दिवसांच्या आतच भरता येतो. महिनाभर आधी उघडलात तर तुमची तारीख निवडताच येत नाही. सर्वांत जास्त घोळ याच तारखेचा होतो. मुंबईची बरीच विमानं रात्री सुटतात. प्रवास साडेचार तासांच्या आसपास, शिवाय थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. १४ तारखेला रात्री साडेअकराला निघालात तर उतरता १५ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास. फॉर्ममध्ये १५ हवी, पण तिकिटावर ठळक १४ दिसते म्हणून लोक तीच टाकतात.

नावात आपली महाराष्ट्रातली एक खास अडचण असते. अनेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या एकाच रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. फॉर्ममध्ये मात्र मधल्या नावाचा वेगळा रकाना दिसतो, म्हणून वडिलांचं नाव तिकडे हलवायचा मोह होतो. तसं करू नका. पासपोर्टवरचं गिव्हन नेम जसंच्या तसं फर्स्ट नेममध्ये लिहा आणि मधला रकाना रिकामा ठेवा. पासपोर्ट क्रमांकात सहसा सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात अंक असतात, त्यामुळे अशा क्रमांकात पहिल्या अक्षरानंतर जे गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नव्हे. पासपोर्टचा फोटो काढून माहिती आपोआप भरायची सोय आहे, पण तीही एकदा अक्षर न् अक्षर ताडून बघा. व्यवसायाला एक शब्द पुरे: रिटायर्ड, हाउसवाइफ, स्टुडंट.

विमानाचा क्रमांक मुंबई-बँकॉक उड्डाणाचा द्या, कारण थायलंडच्या जमिनीवर तुम्ही त्याच विमानाने उतरता. पुढचं बँकॉक-फुकेत देशांतर्गत आहे, त्याचा इथे संबंध नाही.

राहण्याच्या पत्त्याशी मात्र बहुतेक जण अडतात. आधी प्रांत, मग जिल्हा, मग उपजिल्हा असं यादीतून निवडावं लागतं, आणि पर्यटकांच्या तोंडी असलेलं नाव त्या यादीत असेलच असं नाही. तुमचं हॉटेल पातोंगला असेल तर प्रांत फुकेत, जिल्हा काथू आणि उपजिल्हा पातोंग. पट्टाया हा प्रांत नाहीच. तिथे छोनबुरी निवडून बांग लामुंग जिल्हा घ्यायचा. आओ नांग क्राबी प्रांतात, मुआंग क्राबी जिल्ह्यात येतं. कोह सामुई सुरत थानी प्रांतात सापडतं. बँकॉकचं प्रातुनाम राचाथेवी जिल्ह्यात येतं. हॉटेलच्या बुकिंगवर इंग्रजीत पूर्ण पत्ता असतो, तो शेजारी ठेवूनच बसा. दोन-तीन ठिकाणी राहणार असाल तर पहिल्या मुक्कामाचं हॉटेल लिहा.

आरोग्याच्या भागात गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या देशांत होतात ते विचारतात. फक्त भारतात होतात तर भारत निवडा आणि पुढे जा. अलीकडेच केनियासारख्या पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) देशात जाऊन आलेल्यांना लसीचं प्रमाणपत्र लागतं.

पाचही जणांचं एकत्र भरता येतं. एका अर्जात दहा जणांपर्यंत मुभा आहे. पहिल्याचं झालं की ‘आणखी प्रवासी जोडा’ या अर्थाचा पर्याय येतो. कार्ड मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र, क्यूआर कोडसकट. शेवटी ईमेल पत्ता टाकायचा असतो. तिथे एक अक्षर चुकलं तर कार्ड भलतीकडे जातं, म्हणून पडद्यावरूनच पीडीएफ उतरवून घ्या. आई-वडिलांच्या कार्डाची छापील प्रत त्यांच्या पासपोर्टमध्येच ठेवा. परदेशात उतरल्यावर फोनला नेट असेलच याची खात्री नसते, आणि रांगेत वयस्कर माणसांना मोबाइल चाळायला लावणं बरं नाही.

चूक झाली तर घाबरू नका. विमान किंवा हॉटेल बदललं तर त्याच साइटवर कार्ड अपडेट करता येतं. नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व किंवा जन्मतारीख चुकली असेल तर दुरुस्ती होत नाही. नव्याने फॉर्म भरायचा आणि नवंच कार्ड दाखवायचं.

एजंटने पॅकेजमध्ये आधीच भरून दिला असेल तरी पाचही पीडीएफ मागून घ्या आणि नाव, पासपोर्ट क्रमांक व उतरायची तारीख स्वतः तपासा.