नायजेरियातल्या लागोसच्या सहकाऱ्याच्या डोक्यावर जटा आहेत. त्या धुतात का, आणि विचारलं तर चालेल का?

धुतात हो, आणि आपल्यापेक्षा जास्त मनावर घेऊन धुतात. मी नोकरीनिमित्त लागोसच्या इकेजा भागात राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच केसांचं दुकान आहे, त्यामुळे हा उद्योग येताजाता बघते.

जटा ठेवल्या म्हणजे केस वाऱ्यावर सोडले असं नाही. मुळाशी नवा केस वाढला की कारागीर बाई एकेक बट जेल लावून बोटांनी पिळते, चिमट्याने धरून ठेवते आणि मग ड्रायरखाली बसवते. काही जणी क्रोशाच्या बारीक सुईने सुटे केस आत ओवतात. साधारण महिना-दीड महिन्याने हे करावं लागतं, आणि अख्खी दुपार जाते. फार घट्ट पिळलं तर कपाळाकडचे केस गळतात. धुण्यापेक्षा वाळवणं कटकटीचं : आत ओल राहिली तर कुबट वास येतो. आपल्यासारखं तेल थापूनही चालत नाही, ते आत साचतं. टाळूला शिया बटर, तेही बेतानं.

आपल्याला हा प्रश्न पडतो त्याला कारण आहे. आपल्याकडे जट म्हणजे न विंचरल्याने झालेला गुंता, आणि वर देवीचं बोलावणं. त्यापायी मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. अंनिसचे कार्यकर्ते आजही समजूत घालून जट कापतात. इथे ऑफिसात दिसणाऱ्या जटा हौसेने ठेवलेल्या असतात.

देवाधर्माची बाजू इथेही आहेच. इथल्या योरुबा लोकांत ज्या बाळाचे केस आपसूक जटा धरतात त्याला 'दादा' म्हणतात (आपला दादा नव्हे). परक्याने त्या केसांना हात लावला तर मूल आजारी पडतं अशी जुनी समजूत. केसांत कवड्या ओवतात. कापायचे तर विधी आणि जेवणावळ. पण तरुण पोराच्या डोक्यावर जटा दिसल्या की पोलिसांची नजर बदलते. जटा, टॅटू, हातात लॅपटॉप एवढ्यावरून पोलिसांचं 'सार्स' हे दरोडाविरोधी पथक पोरांना ऑनलाइन फसवणूक करणारे ठरवून धरायचं, पैसे उकळायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याविरुद्ध एंडसार्स आंदोलन पेटलं आणि पथक बरखास्त झालं. नजर गेली असं मला तरी वाटत नाही.

बायकांना जाच होतो तो ऑफिसचा आणि घरच्यांचा. केमिकलने सरळ केलेले केस किंवा विग म्हणजे नीटनेटकेपणा, हे डोक्यात पक्कं बसलंय. महागड्या विगांवर 'इंडियन हेअर' लिहिलेलं असतं. तिरुपतीसारख्या देवळांत वाहिलेले केस लिलावात विकले जातात, ते असे जगभर फिरतात.

तेव्हा "धुता का?" असं विचारू नका. "कुठे करून घेता?" विचारा, भरभरून सांगतील. आणि न विचारता हात तर मुळीच लावू नका. आमच्याकडे एका भारतीय साहेबांनी कौतुकाने लावला होता. बाई काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून त्यांचं साहेबांशी बोलणं फक्त ईमेलवर, तेही मॅनेजरला सीसीत ठेवून.