यंदा कडाक्याचा हिवाळा पडणार म्हणतात, घर जुनं आहे, तयारी कुठून सुरू करू आणि कुठला हीटर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की यंदा नेहमीपेक्षा खूपच जास्त थंडी पडेल असा अंदाज आहे, घर जुनं, घरात ऐंशीच्या पुढचे सासरे आणि सहा महिन्यांचं बाळ. हीटरचं सांगते खाली, पण तो पहिला प्रश्न नाहीये. पहिला प्रश्न हा की लाईट गेली, आणि दोन दिवस आलीच नाही, तर हे दोघं कुठल्या खोलीत झोपणार? कारण अशी थंडी पडते तेव्हा सगळेच हीटर एकदम लावतात, तारांवर बर्फ साचतो, आणि लाईट नेमकी तेव्हाच जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हेच झालं, लाखो घरं अंधारात, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली आणि त्यातली बरीचशी निव्वळ गारठून. कॅनडात क्युबेकला १९९८ च्या बर्फाच्या वादळात तर काही घरांना महिनाभर लाईट नव्हती.

म्हणून सगळं घर गरम ठेवायचा विचार आत्ताच सोडा. एक खोली निवडा. शक्यतो लहान, कमी खिडक्यांची, जिच्या कमीत कमी भिंती थेट बाहेरच्या वाऱ्याला लागतात अशी, आणि दिवसा ऊन येत असेल तर उत्तमच. थंडी वाढली की सगळ्यांनी तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. शांत बसलेला मोठा माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे चार जण एका बंद खोलीत असले की एक छोटा हीटर चालू असल्यासारखंच आहे, आणि वेगवेगळ्या चार खोल्यांत बसले की ती सगळी वाया. आम्ही पहिल्या वर्षी हट्टाने प्रत्येकाची खोली वेगळी ठेवली होती आणि सगळेच कुडकुडत होतो.

मग फटी. जुन्या घरात थंडी भिंतीतून कमी आणि फटीतून जास्त येते असा माझा तरी अनुभव आहे. वारं असेल त्या दिवशी पेटलेली उदबत्ती घेऊन दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या कडा, पाईप भिंतीतून जातो ती भोकं, स्विचबोर्डाच्या बाजू असं सगळीकडे फिरा, धूर जिथे आडवा पळेल तिथे फट आहे. खिडकी-दाराला चिकटवायची फोमची पट्टी मिळते ती लावा, दाराखाली जुन्या कापडाची गुंडाळी, काचेवर बबल रॅप (थोडं पाणी मारलं की तो काचेला चिकटून राहतो) आणि त्यावर जाड पडदा. पडदे ऊन असेपर्यंत उघडे, सूर्य कलला की लगेच बंद, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. जमिनीवर सतरंजी, गालिचा जे असेल ते अंथरा, बाळ खालीच जास्त असणार. फक्त एक लक्षात ठेवा, मुद्दाम ठेवलेला हवेचा झरोका बुजवू नका, विशेषतः ज्या खोलीत गॅस किंवा लाकूड जळतं तिथला.

आता हीटर. विजेवर चालणारा कुठलाही साधा हीटर, रॉडचा असो, पंख्याचा असो की ऑइलचा, एका युनिटमध्ये उष्णता तेवढीच देतो, त्यामुळे 'आमचा हीटर कमी विजेत जास्त गरम करतो' या जाहिरातीवर जास्तीचे पैसे घालवू नका. फरक सुरक्षिततेत आहे. बाळ आणि म्हातारं माणूस असलेल्या खोलीत मी ऑइलचाच घेईन, त्यात लाल तापलेलं काही उघडं नसतं आणि बंद केल्यावरही तो बराच वेळ कोमट राहतो. कलंडला की आपोआप बंद होणारा बघून घ्या. हीट पंप असलेला (म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून खोली गरमही करू शकणारा) एसी असेल तर तो मात्र त्याच विजेत दुप्पट-तिप्पट उष्णता देऊ शकतो, पण बाहेर फार गारठलं की त्याची ताकद कमी होते. हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको, १५०० ते २००० वॉट तासन्‌तास ओढल्यावर तो बोर्ड वितळतो, मी वितळलेला बघितलाय. पडदे, अंथरूण, वाळत टाकलेले कपडे हीटरपासून किमान एक मीटर लांब.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. लाईट गेल्यावर कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर यातलं काहीही घरात आणायचं नाही, गॅसची शेगडी खोली गरम करायला पेटवायची नाही. थंडीपेक्षा मला कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे कोळसा, गॅस, लाकूड जळताना निघणाऱ्या विषारी वायूची, भीती जास्त वाटते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आमच्याकडे एका रात्री माझ्या आईच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती, 'थोडा वेळच' म्हणून, दार लोटलेलं. पहाटे ती उठली ती डोकं धरूनच, उलटी झाली, आणि आम्हाला वाटलं पित्त झालं असेल. तिच्याजवळ झोपलेल्या माझ्या मुलीचंही डोकं दुखायला लागलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि दोघींना उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणलं. दोघी वाचल्या, पण ती पहाट मी विसरलेली नाही. हीच खूण लक्षात ठेवा, ताप नाही पण घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं. आधी बाहेर पडा, मग डॉक्टरकडे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा, हीटरच्या आधी तो घ्या. जनरेटर असेल तर घरापासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, धूर खिडकीकडे जाणार नाही असा. चिमणी असेल तर हिवाळ्याआधी साफ करून घ्या, आणि लाकूड पूर्ण वाळलेलंच वापरा, ओल्या लाकडाने धूर जास्त होतो आणि चिमणीत पेट घेणारा काळा थर साचतो.

पाण्याचे पाईप. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि पाईप फुटतो तो बऱ्याचदा बर्फाच्या जागी नाही तर बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी दाबलं गेल्यामुळे. म्हणून कडक थंडीच्या रात्री बाहेरच्या भिंतीवरून येणारा नळ अगदी बारीक धारेने चालू ठेवायचा, दाब सुटत राहतो. उघड्या पाईपांना फोमची नळी चढवा, बागेतला नळ आतून बंद करून रिकामा करा, सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाईपापर्यंत पोचते. आणि मेन कॉक कुठे आहे ते शोधून तो एकदा फिरवून बघा. आमचा पाईप फुटला तेव्हा कॉक सापडला पण गंजून इतका घट्ट झालेला की पाना आणेपर्यंत अर्धं घर भिजलं, आणि थंडीत भिजलेलं घर वाळता वाळत नाही. पाईप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने सुरुवात करत हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा, आग लावून कधीच नाही.

पाणी भरूनही ठेवा, पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा, टॉयलेटसाठी बादल्या वेगळ्या, आणि बाटल्या काठोकाठ भरू नका, गोठल्या तर फुटतील.

सासऱ्यांबद्दल. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेय हे कळायलाच उशीर होतो, ते 'मला काही नको' म्हणत बसून राहतात. त्यांच्या म्हणण्यावर जाऊ नका, खोलीत थर्मामीटर लावा. जागतिक आरोग्य संघटना घरातलं तापमान निदान १८ अंश असावं म्हणते, लहान मुलं-म्हातारे असतील तर अजून जास्त. थंडीत रक्तवाहिन्या आकसून बीपी चढतं, म्हणून त्यांच्या गोळ्या पुरेशा आणून ठेवा, इन्सुलिन असेल तर ते गोठणार नाही अशा जागी ठेवा कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. ते अडखळत बोलायला लागले, गोंधळले, सुस्तावले, किंवा हुडहुडी भरलेली असताना ती अचानक थांबली आणि अंग गारच आहे, तर ती झोप नाहीये, लगेच डॉक्टर. तोवर ओले कपडे काढा, आधी छाती-पोट गरम करा, हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात नको.

बाळाला पातळ कपड्यांचे थर घाला, आपल्यापेक्षा एक जास्त, आणि झोपताना सुटी रजई किंवा उशी नको, तोंडावर येते. अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते ती चांगली. गरम पाण्याची पिशवी बाळ झोपायच्या आधी अंथरुणात ठेवायची आणि त्याला ठेवताना काढून घ्यायची. झोपेत टोपी नको, मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी करा. मोठ्यांनी अंगालगत सुती ऐवजी लोकर किंवा थर्मल घालावं, सुती घामाने ओलं झालं की उलट गार करतं.

बाकी टॉर्च, बॅटऱ्या, चार्ज केलेली पॉवर बँक (ती गारठ्यात ठेवू नका, लवकर उतरते), न शिजवता खाता येईल असं तीन दिवसांचं खाणं, हे तुम्हाला सुचेलच. मेणबत्त्यांवर विसंबू नका, बाळ आणि रजया एका खोलीत असताना उघडी ज्योत नको.

एक मात्र जरूर करा, थंडी सुरू व्हायच्या आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद करून एक रात्र त्या एका खोलीत काढून बघा. आम्ही केलं तेव्हा कळलं की टॉर्च वरच्या खोलीत आहे, आईच्या गोळ्या अंधारात ओळखता येत नाहीत, आणि रात्री टॉयलेटला जायच्या वाटेवरचं दार उघडलं की तासाभराची ऊब दोन मिनिटांत जाते. त्या दाराला आम्ही दुसऱ्याच दिवशी आतून एक जुनी रजई पडद्यासारखी टांगली, ती अजून तिथेच आहे.