इंदूरजवळ जुना वाडा, घाट जपलेलं गाव कुठलं? आई-बाबांना एका दिवसात दाखवायचंय

महेश्वर. दुसरं नाव सुचवणारच नाही. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर. जाताना धामणोदवरून जा, परतताना मंडलेश्वर-महू रस्ता धरा, म्हणजे डोंगराचा घाट चढून आल्यावर जाम दरवाजा ही जुनी वेसही बघून होईल.

आम्ही इंदूरकर पाहुण्यांना आधी राजवाडा दाखवतो. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. पण १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला, तो आता नव्याने बांधलेला आहे. महेश्वरचा वाडा बघून उलट वाटेल, एवढासाच? अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला, त्यातली बहुतेक वर्षं याच वाड्यातून. लाकडी खांब, उतरती कौलं, मधे चौक, आणि ओसरीवर पांढरी गादी. बस्स. माझी पुण्याची आत्या म्हणाली होती, "अरे, हा तर आपल्या वाईकडचा वाडा!" तिला दरबार, झुंबरं अपेक्षित होती.

हे सगळं टिकलं कसं? माझं मत विचाराल तर, राजधानी गेली म्हणून. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची गादी इंदूरला आली आणि पुढच्या पिढ्यांची हौस लालबागसारख्या महालांवर फिटली. महेश्वर पाडून नवं बांधायची कुणाला गरजच पडली नाही.

अगदी जसंच्या तसं आहे असं मात्र समजू नका. वाडा ज्या किल्ल्यात आहे, त्याच्या एका भागात होळकरांच्या वंशजांचं हॉटेल आहे. खाली नर्मदेच्या घाटावर मोटरबोटींचा कलकलाट असतो. तरी तिथल्या छत्रीवरचं, म्हणजे स्मारकाच्या घुमटी मंडपावरचं, दगडी कोरीवकाम सावकाश बघा. इथल्या साडीच्या काठावरची वीट, चटाई ही नक्षी किल्ल्याच्या दगडांवरूनच उचललेली आहे. आधी भिंती बघून मग रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेत माग चालताना बघितले, तर आईंना काठ ओळखता येतील.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर वाडा आणि घाट यांच्यामधल्या पायऱ्या लक्षात ठेवा. उतरायला काही वाटत नाही, चढताना दम लागतो. आमच्या काकांना मधे दोनदा बसावं लागलं होतं. उन्हाळ्यात दुपारी तर नकोच, निमाडचं, म्हणजे महेश्वरकडच्या या भागाचं, ऊन इंदूरसारखं नाही.