स्लो कुकरमधला मटण स्ट्यू पाणचट का होतो?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, सकाळी कामावर जाताना स्लो कुकरमध्ये (तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) मटण, बटाटे, गाजर, पाणी सगळं एकदम टाकून जाते पण संध्याकाळी रस्सा पाणचट आणि बटाटे टणकच. मुलांना त्यात राजमा पण हवाय, घालू का?

उत्तर: अगं, आधी पाणी निम्मं कर, स्लो कुकरमधून वाफ बाहेर जात नाही त्यामुळे पातेल्यासारखं काही आटत नाही. बटाटे-गाजर बारीक चिरून तळाशी लाव, मटण वर, कारण मंद आचेवर बटाट्याला कधीकधी मटणापेक्षा जास्त वेळ लागतो. मटण खांद्याचं नाहीतर नळीचं घे, 'लो' (मंद) सेटिंगवर 8 तासात त्यातलं कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) विरघळतं आणि रस्सा छान चिकटसर होतो. कांदा, आलं-लसूण कढईत लालसर परतूनच घाल, कुकरमध्ये तो खमंगपणा येतच नाही. मधेमधे झाकण उघडू नकोस.

आणि राजमा कच्चा अजिबात टाकायचा नाही हं! त्यातलं लेक्टिन (कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन) एवढ्या कमी तापमानाला नष्ट होत नाही, उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजव, ते पाणी फेक, नव्या पाण्यात 30 मिनिटं खळखळून उकळ, मगच घाल. टिनच्या डब्यातला शिजलेला असेल तर थेट चालतो.